दारापासून यंत्रापर्यंत

रात्रीचें ताट वाढलेलें आहे. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ घांस उचलतात, आणि तो तोंडापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्यांचा उजवा हात मांडीवर गळून पडतो. काय झालें म्हणून पत्नी विचारते, तर उत्तर देतांना जीभ अडखळते व तोंड एका बाजूला वांकडें झालेलें दिसतें. शेजारीपाजारी धांवतात, गाडी मिळते, आणि अर्ध्या तासाच्या आंत गृहस्थ एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात-विभागांत दाखल होतात. घरच्यांना वाटतें, आतां चिंता मिटली. वास्तविक खरी कसोटी येथूनच पुढें असते.

अर्धांगवायूचा झटका दोन अगदीं उलट कारणांनीं येतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनींत गुठळी अडकून पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. किंवा रक्तवाहिनीच फुटते आणि रक्त मेंदूंत सांचतें. बाहेरून पाहतां दोहोंचीं लक्षणें पुष्कळदां सारखींच असतात, आणि डॉक्टर कितीहि अनुभवी असला तरी केवळ रोग्याला तपासून त्यांतील भेद त्याला खात्रीनें सांगतां येत नाहीं. उपचार मात्र परस्परविरुद्ध. गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या रोग्याला तारतें. तेंच दुसऱ्याला दिलें तर त्याचा प्राण जाऊं शकतो. झटका आल्यापासून तीन तासांत दिल्यास हें औषध उपयोगी पडतें असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चांचणीनें दाखविलें. २००८ सालीं एका युरोपीय चांचणीनें ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. पण तेवढा वेळ हातांत आहे असें समजून स्वस्थ राहणें फार चुकीचें होय. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदुतज्ज्ञानें २००६ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या रोग्याच्या मेंदूंतील सरासरी १९ लक्ष मज्जापेशी दर मिनिटाला नष्ट होत असतात.

गुठळी कीं रक्तस्राव, हा भेद दाखविणारें साधन म्हणजे सी.टी. स्कॅन. क्ष-किरण डोक्याभोंवतीं फिरवून सोडावयाचे, पलीकडे किती पोंचले तें मोजावयाचें, आणि त्या असंख्य मोजमापांवरून गणकयंत्रानें आंतील आडव्या छेदाचें चित्र तयार करावयाचें, ही कल्पना गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें प्रत्यक्षांत आणली. ज्या ई.एम.आय. कंपनींत ते नोकरीस होते, ती जगाला ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळें अधिक ठाऊक होती, हें रेडिओच्या श्रोत्यांना ऐकून गंमत वाटेल. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें असें चित्र घेतलें गेलें; १९७९ सालीं हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पहिल्या यंत्राला एकेका छेदासाठीं कांहीं मिनिटें लागत. आजचें यंत्र सबंध डोकें कांहीं सेकंदांत पाहून मोकळें होतें, आणि ताजें सांडलेलें रक्त त्या चित्रांत पांढरें उमटतें.

मग वेळ जातो कोठें?

तो दारापासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर जातो. प्रथम केसपेपर निघावयाचा. मग कनिष्ठ डॉक्टर तपासणार, वरिष्ठांना विचारणार, आणि वरिष्ठ शस्त्रक्रियागृहांत असले तर ते बाहेर येईपर्यंत थांबणार. नंतर तपासणीची चिठ्ठी लिहिली जाते. कित्येक ठिकाणीं पैसे भरल्याची पावती जोडल्याशिवाय ती पुढें सरकत नाहीं, आणि ज्या मुलाच्या खिशांत पैसे आहेत तो अजून वाटेंतच असतो. स्ट्रेचर सांपडतें, तर वॉर्डबॉय दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेला. यंत्र शेजारच्या इमारतींत; लिफ्ट वरच्या मजल्यावर खोळंबलेली. अखेर तेथें पोंचावें तों टेबलावर आधीं वेळ ठरवून आलेला दुसराच रोगी निजलेला आढळतो, आणि रात्रपाळीच्या एकट्या तंत्रज्ञाला त्याला अर्ध्यावर उठवितां येत नाहीं.

यांतला कोणीहि मनुष्य कामचुकार नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कारकून आपला नियम पाळतो, तंत्रज्ञ आपला क्रम पाळतो, आणि ज्याच्या त्याच्या वांट्याचीं पांच-दहा मिनिटें त्याला क्षुल्लकच वाटतात. उशीर होतो तो रोगी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातांना. आणि त्या मधल्या जागेचा धनी कोणीच नसल्यामुळें त्याची नोंदहि सहसा होत नाहीं. रोगी केव्हां आला हें वहींत असतें, चित्र केव्हां निघालें हें यंत्र सांगतें. मधल्या काळांत तो कोठें व कशासाठीं पडून होता हें विचारूं गेल्यास धड उत्तर मिळत नाहीं.

कांहीं उशीर तर शास्त्राच्या नांवावर होतो. रक्तवाहिन्या चित्रांत उठून दिसाव्या म्हणून शिरेंतून आयोडिनयुक्त औषध द्यावें लागतें. तें मूत्रपिंडांना बाधतें या भीतीनें रक्तांतील क्रिएटिनिनचा अहवाल येईपर्यंत रोग्याला थांबवून ठेवण्याची चाल पडली. हा धोका पूर्वीं मानला जात होता त्याहून बराच कमी आहे, असें अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या व मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०२० सालीं एकत्र जाहीर केलें. आणि ज्याला पूर्वींचा मूत्रपिंडाचा विकार नाहीं अशा अर्धांगवायूच्या रोग्यासाठीं त्या अहवालाची वाट पाहूं नये, असें आतां मानतात. तथापि एखादी चाल पुस्तकांतून निघाली म्हणून ती हातांतूनहि लागलीच निघते असें नाहीं.

फिनलंडच्या हेलसिंकी येथील विद्यापीठ-रुग्णालयानें हा गुंता ज्या रीतीनें सोडविला ती मोठी उद्बोधक आहे. १९९८ सालीं तेथें रोगी दारांत आल्यापासून औषध टोंचेपर्यंत मध्यम हिशेबानें १०५ मिनिटें लागत. २००३ सालीं तीं ६० झालीं, आणि २०११ सालीं अवघीं २०. अ‍ॅटे मेरेतोया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. तींत चमत्कार कांहींच नाहीं. रुग्णवाहिका वाटेंत असतांनाच आगाऊ कळवूं लागली. रोग्याचा पूर्वेतिहास तो येण्यापूर्वींच काढून ठेवण्यांत येऊं लागला. यंत्र अपघात-विभागांत हलविलें. रोग्याला खाटेवर न नेतां रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवरून सरळ यंत्रापाशीं नेऊं लागले, आणि मेंदुतज्ज्ञ स्वतः चित्र पाहून औषध तेथल्या तेथें, टेबलावरच देऊं लागला. रोगी आल्यावर करावयाचीं जितकीं कामें तो येण्यापूर्वीं उरकतां येतील तितकीं उरकावयाचीं, हें त्यांचें धोरण. हीच रीत ऑस्ट्रेलियांतील रॉयल मेलबर्न रुग्णालयानें उचलली, तेव्हां चार महिन्यांतच कामाच्या वेळांतील हा अवधि ४३ मिनिटांवरून २५ मिनिटांवर आला. रात्रीं व सुट्टीच्या दिवशीं मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. ज्या वेळीं माणसें थोडीं, त्या वेळीं नुसती रीत पुरी पडत नाहीं, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, प्रत्येकच रोग्याला असें पुढें ढकललें तर रांग आणखी वाढेल. हा आक्षेप खोटा नाहीं. क्ष-किरणांची मात्राहि फुकटची नसते. म्हणूनच कोणी थांबावें व कोणी थांबूं नये याचा निवाडा आधींच ठरलेला हवा. ब्रिटनमधील नाइस या संस्थेनें डोक्याला मार लागलेल्यांसाठीं तो करून ठेवला आहे: शुद्ध बरीच हरपलेली असणें, झटके येणें, कवटी फुटल्याचा संशय, मोठ्या माणसाला एकाहून अधिक वेळां वांती, यांपैकीं कांहीं आढळल्यास एका तासाच्या आंत स्कॅन व्हावयास पाहिजे, आणि त्यानंतर तासाभरांत प्राथमिक लेखी अहवालहि. ज्याची तपासणी पूर्वीं ठरलेली आहे त्यानें अशा वेळीं अर्धा तास बाहेर बसावें, यांत त्याच्यावर अन्याय होत नाहीं.

या वाटेचा पहिला टप्पा मात्र घरांत असतो. झोपून उठल्यावर बरें वाटेल म्हणून रोग्याला निजविणें, ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहणें, किंवा जेथें स्कॅनचें यंत्रच नाहीं अशा जवळच्या दवाखान्यांत आधीं नेणें, यांत जातो तो वेळ कोणत्याहि रुग्णालयाला परत मिळवितां येत नाहीं. रोगी रक्त पातळ करणारी गोळी घेतो काय, आणि तो अगदीं धड असलेला शेवटचा कोणीं व केव्हां पाहिला, हे दोन प्रश्न दारांतच विचारले जातात. औषध द्यावें कीं न द्यावें, हें बरेंचसें त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतें.

त्या गृहस्थांच्या पत्नीलाहि तेंच विचारलें गेलें. तिनें घड्याळ पाहिलें नव्हतें. क्षणभर आठवून ती म्हणाली, "रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, मी ताट ठेवलें तेव्हां ते त्यांतल्याच एका बातमीवर चांगलें बोलत होते." डॉक्टरांनीं वेळ लिहून घेतली आणि स्ट्रेचर हललें.