छळणाऱ्याला नाव काय?

अंधेरीच्या फलाटावर मराठी माणूस ‘छळ’ म्हणाला आणि शेजारच्या हिंदी भाषकाने ‘छल’ ऐकले, तर दोघांच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी येतील. हिंदीतला छल म्हणजे फसवणूक, मराठीतला छळ म्हणजे जाच. मूळ मात्र एकच, संस्कृत ‘छल’.

मुळात अर्थ फसवणुकीचाच होता. तर्काचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, छल येतो: समोरच्याच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. तिथले उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाची कांबळ ‘नव’ आहे, असे कोणी म्हणतो. त्याला ‘नवी’ म्हणायचे असते. छल करणारा विचारतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! शब्दांत असे पुन्हा पुन्हा पकडले जाणे हाच मोठा त्रास असतो, त्यामुळे फसवणुकीचा अर्थ जाचाकडे सरकला यात नवल नाही. जुना अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात अजून टिकून आहे.

मराठीने हा शब्द फार लांबवर नेला. दंगा करणाऱ्या पोरावर वैतागलेली आई ‘काय छळवाद मांडलाय!’ म्हणते, त्यात निम्मी माया असते. नाझींच्या तुरुंगांना नाव देताना हाच शब्द पुन्हा उपयोगी पडला: छळछावणी.

पण छळणाऱ्याचे काय? इथे भाषा अडखळते. ‘सासुरवास’ पाहा. शब्दशः सासरी राहणे. राहण्यालाच जाचाचा अर्थ चिकटला, इतका तो जाच नेहमीचा होता. सोसणारीला ‘सासुरवाशीण’ हे नाव मिळाले. सोसायला लावणाऱ्याला मिळाले नाही. सासूला ‘खाष्ट’ हे विशेषण लागले, आणि गप्प राहून सगळे पाहणारा नवरा तर शब्दकोशातून सहीसलामत सुटला.

नाव हवेच असले की मराठी माणूस ते कथेतून उसने आणतो. रामायणातली ताटका ‘त्राटिका’ होऊन घरोघरी आली. तुकोबांना देहूत त्रास देणारा मंबाजी दांभिक छळणाऱ्यांचा नमुना ठरला. राज्यकर्त्यांसाठी अरबी मुळाचा ‘जुलमी’ आहे. मात्र शेजारच्या खोलीतल्या, शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी ‘छळणारा’ या क्रियापदापासून केलेल्या शब्दावरच भागवावे लागते.

ही उणीव बातम्यांत रोज दिसते. 1983 साली दंडसंहितेत विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्ध 498अ हे कलम आले. आता तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 85व्या कलमात आहे. बातमीचा साचा तरी तोच: ‘छळाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या’. कंटाळली ती, मेली ती. छळ जणू हवेतून आला. आरोप सिद्ध होईपर्यंत कोणाला दोषी म्हणू नये, हे खरे. पण आरोप कोणावर आहे, हे त्याच वाक्यात सांगायला हरकत कसली?

घराबाहेरही छळ असतोच. अंधेरी पूर्वेला 1973 साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, आणि तिथे असंख्य बायका कामाला येतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार लेखी, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तिची एक प्रत समिती सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्या माणसाला पाठवते. म्हणून त्या कागदावर ‘माझा छळ झाला’ एवढ्याने भागत नाही. छळणाऱ्याचे नाव लिहावे लागते.