हाताला येते, तोंडाला येत नाही

श्रोतेहो, चौथीतल्या मुलाला एकदम विचारा, 'सात सक किती?' तो क्षणभर गप्प राहतो. ओठ हलतात. सात एकेपासून मनातल्या मनात धावत येऊन तो म्हणतो, 'बेचाळीस.' उत्तर त्याला येत नव्हते असे नाही. ते माळेत ओवलेले होते. सहावा मणी हवा, तर पहिल्यापासून मोजीत यावे लागते.

आता लेझीम खेळणारा गडी पाहा. हलगीच्या ठेक्यावर त्याचे पाऊल चुकत नाही. पण चौथ्या ठेक्याला कोणता पाय पुढे, हे विचारले तर तो उठतो, खेळून पाहतो आणि मग सांगतो. त्याचे ज्ञान पायांत आहे.

1987 साली अमेरिकेत निसन आणि बुलेमर या संशोधकांनी याचा एक प्रयोग केला. समोर चार दिवे. जो लागेल त्याच्या खालची कळ दाबायची. दिव्यांत 10 लागणींचा एकच क्रम पुनःपुन्हा येत होता. पण तसे कोणाला सांगितले नव्हते. सरावाने हात भराभर चालू लागले. दिवे क्रमाशिवाय लावले, तेव्हा तेवढी गती आली नाही. नवल असे की, स्मृती गमावलेल्या रुग्णांचेही हात क्रम शिकले. आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता!

पुढे यावर वाद झाला. काहींनी म्हटले, 'क्रम होता का?' एवढेच विचारून भागत नाही. 'आता पुढचा दिवा कोणता?' असे विचारा. तसे विचारल्यावर काही माणसांना थोडाफार क्रम सांगता आला. म्हणजे किती येते, हे कसे विचारले यावरही ठरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, माझे सांगणे एवढ्यासाठीच. लहानपणी तपासणीच्या दिवशी मधलाच पाढा विचारला, मी गप्प राहिलो आणि वर्षभर 'ढ' ठरलो. पाढा मला येत होता. तेव्हा मूल अडले, की मागचे दोन शब्द तुम्ही म्हणा आणि पुढचा त्याला म्हणू द्या. मग मधून सुरुवात करायला लावा, नंतर उलटे म्हणवून घ्या. अशानेच मणी सुटे होतात.

आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला दोरखंड कसे वळायचे ते सांगता आले नाही, तर त्याला अडाणी म्हणू नका. हातात वाख द्या आणि शेजारी बसून पाहा.