हिंवाळा आणि झाडांची शिल्लक

पौष-माघांत यावलहून उत्तरेस सातपुड्याकडे पाहिलें म्हणजे दोन निराळे देखावे एकदम दृष्टीस पडतात. डोंगरावर साग व सालई पानें टाकीत असतात. पायथ्याच्या काळ्या जमिनींत केळीचे मळे मात्र हिरवेगार दिसतात. परक्या माणसास वाटेल कीं डोंगर मरणपंथास लागला आहे आणि मळा सुखांत आहे. थंडीच्या लाटेंत खरी स्थिति बहुधा उलट असते.

झाडासहि श्वसन आहे. दिवसा पानें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें साखर तयार करतात. ही त्याची कमाई. मुळें, खोड, कळ्या हीं सर्व जिवंत राहण्यासाठीं रात्रंदिवस तीच साखर थोडथोडी जाळीत असतात. हा श्वसनाचा खर्च. उरेल तें पिष्टरूपानें खोडांत व मुळांत सांठतें. उष्णमान १० अंशांनीं उतरलें म्हणजे श्वसनाचा वेग साधारणपणें निम्म्यावर येतो. म्हणून पानें टाकून निजलेल्या झाडाची ठेव थंडीच्या दिवसांत पुरते. हिंवाळा उबदार गेला तर कमाई बंद असतांहि खर्च मात्र वाढतो.

शीत देशांतील झाडें याहून पुढें जातात. थंडी वाढूं लागली कीं तीं सांठविलेल्या पिष्टाची पुन्हा साखर करतात. साखरेचा रस साध्या पाण्याइतका लवकर गोठत नाहीं व पेशींचें रक्षण होतें. कॅनडांत हिंवाळ्याच्या अखेरीस मेपलच्या खोडास भोंक पाडून जो गोड रस काढतात, त्यांतील साखर या ठेवींतलीच.

सातपुड्यांतील पानझडीस थंडीपेक्षां पाण्याची टंचाईच अधिक कारण होते. परंतु ठेवीचा न्याय तोच. १९६९ सालीं अभयारण्य म्हणून राखलेल्या यावलच्या रानांत फाल्गुनांत पळस निष्पर्ण असतांच फुलतो. पानें नाहींत, मग एवढीं फुलें कशाच्या बळावर? आधींच्या हिरव्या महिन्यांत जमविलेल्या धनावर.

केळ मात्र निजत नाहीं. शास्त्रदृष्ट्या ती झाडहि नव्हे. तिचें खोड म्हणजे पानांच्या देठांचीं एकावर एक बसलेलीं आवरणें, आणि खरें खोड जमिनींतला कंद. पारा १६ अंशांखालीं गेला कीं तिची वाढ मंदावते, १० च्या आसपास ती जवळजवळ थांबते. मुळें पाणी नीट ओढीत नाहींत. थंड रात्रीनंतर कडक ऊन पडलें म्हणजे पानांची साखर करण्याची शक्तीच दुखावते. पानें पिवळीं पडून वाळूं लागतात. चरका पडला, असें शेतकरी म्हणतात. मृगबागेचा घड याच वेळीं निसवत असेल तर तो पोग्यांतच अडकतो. निसवलेला घड भरण्यास कित्येक आठवडे अधिक लागतात, आणि फळास १३ अंशांखालील थंडी लागल्यास सालींतला चीक काळवंडून पिकलेल्या केळ्यास पिवळी झळाळी येत नाहीं. व्यापाऱ्याचा भाव तेथेंच उतरतो.

यावर जाणते मळेकरी रात्रीं विहिरीचें पाणी देतात, कारण तें पहांटेच्या हवेपेक्षां कोमट असतें. बांधावर शेवरी लावून उत्तरेचा वारा अडवितात. पहांटे पालापाचोळ्याचा धूर करतात. वारा वाहत असल्यास त्याचा उपयोग थोडाच. याहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं: मळा स्वच्छ दिसावा म्हणून ऐन थंडींत हिरवीं पानेंहि छाटलीं जातात. वाळलेलें व रोगट पान काढणें योग्यच. पण हिरवें पान म्हणजे घड पोसणारा हात, तो तोडल्यावर झाडानें घड पोसावा तरी कशानें? तसेंच कंदांतील तुटपुंज्या शिलकेवर वाटेकरी वाढूं नयेत म्हणून नको असलेलीं पिलें वेळींच कापावीं लागतात.

माघ सरतां सरतां ऊब परतते आणि पोग्यांतून नवें पान उलगडूं लागतें. सकाळीं मळ्यांत शिरतांच मळेकरी प्रथम तेंच पाहतो.