गाडीखालचं तेल आणि घरातला हक्क

(वरोरा येथे परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



पोटगी, दारू, जमिनीचा सातबारा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी जुन्या गाडीच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाबद्दल बोलणार आहे. हसू नका. या तेलाच्या डागावरून एका बाईची मालमत्ता जाता जाता राहिली आहे.

आपल्या गटाकडे आलेल्या एका बहिणीची ही गोष्ट. नवरा गेला. मागे सासू, दोन मुली आणि अंगणात एक जुनी चारचाकी. गाडी ती स्वतः चालवते. शेवटची एसटी गेल्यावर गावातल्या बाळंतिणीला उपजिल्हा रुग्णालयात तिनेच आणलेलं आहे. गाडीखाली रोज काळा डाग पडू लागला. दीर म्हणाला, "वहिनी, इंजिन खलास झालं. भंगारात देऊन टाकू. तुमाले काय समजते त्यातलं?" एका गॅरेजवाल्यानेही नुसतं बॉनेट उघडून इंजिन उतरवायला सांगितलं आणि मोठा आकडा ठोकला. दोघांनाही उत्तर द्यायला तिच्याकडे माहिती नव्हती.

ती माहिती काही अवघड नाही. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्या आपल्या भागात अजून दिसतात. वय झालं की इंजिनाच्या उष्णतेने रबराची पॅकिंग आणि सील कडक होतात, चिरतात आणि तेल झिरपतं. हे इंजिन मेल्याचं लक्षण नव्हे. चपातीच्या डब्याचं झाकण सैल झालं म्हणून कोणी डबा फेकत नाही.

आधी, गळतंय ते काय आहे ते पाहावं. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. तपकिरी-काळं, चिकट असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी पाणी असेल तर रेडिएटरचं. एसी असेल तर नुसतं स्वच्छ पाणीही पडतं, त्याची काळजी नको. मग गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून तेल कुठवर आहे ते बघावं. दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे.

गळती शोधण्याचा नियम एकच : तेल खाली वाहतं, म्हणून शोध वरून सुरू करायचा. जिथे थेंब पडतो तिथेच दोष असतो असं नाही. इंजिन थंड असताना पुसून कोरडं करावं, गाडी थोडी चालवावी, बंद करून थंड होऊ द्यावी आणि ओलेपणाची सर्वांत वरची जागा पाहावी. आधी टॅपेट कव्हरच्या कडा, मग ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, पुलीमागचं सील, शेवटी खालचं चेंबर आणि त्याचा ड्रेन नट.

या बहिणीच्या गाडीत टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं. कव्हर काढलं, जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही कडा कोरड्या केल्या, नवीन बसवलं आणि नट थोडे थोडे, आळीपाळीने, सारखे आवळले. एकच नट जोराने आवळला तर कव्हर वाकतं आणि पुन्हा गळतं. ड्रेन नटाचं वायसर बदलणंही असंच सोपं आहे. मात्र गिअरबॉक्सच्या बाजूचं मागचं सील गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते मेकॅनिकचंच काम. पण तेव्हाही विचारा : गळती नेमकी कुठे? जुना भाग दाखवा. बिलात सामान आणि मजुरी वेगळी लिहा.

काही गोष्टी जिवाच्या आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गरम सायलेन्सरवर तेल पडत असेल तर आगीचा धोका असतो, गाडी चालवू नका. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबा आणि इंजिन बंद करा. जळकं ऑइल वाळवीसाठी दाराला लावायची आपल्याकडे रीत आहे. पण ते कातडीला घातक आहे आणि जमीन-पाणी नासवतं. हातमोजे घाला, नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

आता मूळ प्रश्न. हे ज्ञान आपल्यापासून दूर कोणी ठेवलं? १९४८ च्या कारखाना कायद्यात अशी तरतूद होती की चालू यंत्राला तेल घालणं, ते साफ करणं ही कामं स्त्रिया आणि अल्पवयीन यांना देऊ नयेत. बाई आणि पोर एकाच ओळीत! चालू यंत्रात हात घालणं पुरुषालाही तितकंच धोक्याचं. सुरक्षिततेचा नियम माणसासाठी हवा होता, तो बाईपुरता झाला. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, त्यावर सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या तिथे इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १८८८ साली, जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन शंभरावर किलोमीटर गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्ती बाईच्या हातची आहे.

आणि आपल्याला दूर कशाला जायला हवं? महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. बोटं झडलेल्या हातांनी विणकाम, सुतारकाम, शेती केलेली आपण आनंदवनात पाहिली आहे. कुठल्या हाताने काय काम करावं हे इतरांनी ठरवू नये, हे वरोऱ्याला वेगळं सांगायला नको.

शेवटी कागद. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलंमुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. ते असताना भावाला हक्क नाही. गाडीमालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. २०२१ पासून मालकाला हयातीतच नामनिर्देशनही करता येतं. घरी गेल्यावर आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

या बहिणीची गाडी आता तिच्या नावावर आहे. पॅकिंगला आलेला खर्च भंगाराच्या भावापेक्षाही कितीतरी कमी होता. दीर शत्रू होता असं मी म्हणत नाही. तिला काही समजत नाही यावर घरातल्या सगळ्यांचा विश्वास होता, तिचासुद्धा. तो विश्वास मोडणं हे आपलं काम. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक पाना आणि एक आरसी बुक घेऊन यावं.