आरोग्याची नोंद रुग्णाच्या हाती

पेण वा रोह्याहून रुग्णास तातडीने अलिबागला किंवा मुंबईस न्यावे लागते, तेव्हा जुने कागद अनेकदा घरीच राहतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक येथे उपयोगी पडतो. रुग्णालयाने त्यास जोडलेले अहवाल मोबाइलवर पाहता येतात. न जोडलेली नोंद मात्र दिसत नाही. म्हणून केसपेपर काढतानाच क्रमांक सांगावा व कागदही जपावेत.

हा क्रमांक ऐच्छिक असून नोंदी डॉक्टरांना रुग्णाच्या संमतीनेच पाहता येतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांस साहाय्य अवश्य करावे. परंतु त्यांचा ओटीपी घेऊन परस्पर संमती देऊ नये. नोंद ज्याची, निर्णयही त्याचाच.