लेकीची सायकल पडवीत उभी आहे



आज बचतीचा विषय नाही. कर्जाचा येईल, पण शेवटी थोडासाच. आज सायकल चालवण्यावर आणि पळण्यावर बोलायचं आहे. मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, दिवसभर पळतोच की आम्ही. आता आणखी कुठं पळवतेस?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मावशींचं म्हणणं खोटं नाही, म्हणून आधी त्याचंच बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय की मोठ्या माणसानं आठवड्यात कमीत कमी 150 मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी. बऱ्यापैकी दम म्हणजे किती? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. आणि यात शेतातलं काम, घरातलं काम, पायी जाणं-येणं सगळं धरलं जातं. म्हणजे जी बाई दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते, तिला मी वर आणखी पळायला सांगणार नाही. तिला पोटभर जेवण, झोप आणि पाठीला आराम हवा. तिला व्यायामाचा उपदेश करायला जाऊच नये.

पण आपल्या गटातल्या सगळ्याच आता तसं काम करत नाहीत. कुणी शिलाई मशीनवर बसते, कुणी पापड लाटते, कुणी दुकान सांभाळते. आम्ही रजिस्टर लिहिणाऱ्या तर बसूनच असतो. नळ दारात आला. बाजाराला जायचं तर नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या गाडीवर मागं बसून. दमतो आपण, नाही असं नाही. पण बसून दमलं की मान आणि कंबर दुखते, छातीचा भाता काही चालत नाही. चाळिशीच्या आत साखरेची न् बीपीची गोळी सुरू झालेल्या बायका आपल्याच गटांत आहेत. दशसूत्रीत आरोग्य आहे, ते आपण फक्त वाचून दाखवतो.

आता तुमच्या पडवीत बघा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. मुलगी बारावी झाली, कॉलेजला एसटीनं जायला लागली, नाहीतर सासरी गेली, की ती सायकल भिंतीला टेकून राहते. वर कोंबड्या बसतात. ती लेडीज सायकल असते, पुढं दांडी नसते, साडीवर बसता येतं. ती तुमचीच आहे असं समजा.

"या वयात?" म्हणाल. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं 1990 नंतरच्या काळात साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, अशा हजारो बायका शिकल्या. पी. साईनाथ या पत्रकारांनी त्यावर लिहिलंय. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं! नाव ठेवणारे तिथंही होतेच. पण पाणी आणायला, माल विकायला कुणाची वाट बघायची गरज उरली नाही. मला यातली हीच गोष्ट व्यायामापेक्षा मोठी वाटते. दवाखान्यात जायला कुणाला तरी "सोडता का" म्हणून विचारावं लागतं, ते किती जड जातं, तुम्हाला सांगायला नको.

शिकायचं कसं? मागून कॅरिअर धरून कुणी पळत यायची गरज नाही. सीट पार खाली करा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. शाळेच्या मैदानावर थोडा उतार बघा. पायडलला हात – म्हणजे पाय – लावायचाच नाही. पायांनी ढकलत जायचं, मध्येच दोन्ही पाय उचलायचे, तोल गेला की टेकायचे. चाकाकडं बघू नका, लांब बघा. नजर जिकडं, तिकडं सायकल. तोल सापडला की मग पायडल. पुढचा ब्रेक एकटा कचकन दाबायचा नाही, दोन्ही मिळून हळू दाबायचे.

पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या जरा वर. चेन उजव्या बाजूला असते, तिथं कापड लोंबू द्यायचं नाही. चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी निघाली असेल तर आधी बसवून घ्या.

चालवता यायला लागलं की सीट पुन्हा वर करा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा अगदी किंचित वाकलेला हवा. "सायकलीनं गुडघे दुखतात" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची सीट शिकतानाची, खालीच राहिलेली असते.

पळण्याचं थोडं वेगळं आहे. सायकलीला काम सांगता येतं, बाजाराला चालले, दूध घालायला चालले. पळणाऱ्या बाईला मात्र "कुठं चाललीस?" विचारलं तर उत्तर नसतं, म्हणून लाज वाटते. त्याला माझ्याकडं उपाय एकच, चौघी मिळून निघा. चौघींना कुणी काही म्हणत नाही, आणि कुत्रीही लांब राहतात. उजाडल्यावर निघा, अंधारात नको.

पहिल्या दिवशीच गावाला फेरी मारायची नाही. पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला. असं सहा ते आठ वेळा. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोपं वाटायला लागलं की पळणं दोन मिनिटं करा. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे. पायात चप्पल नको, बूट हवेत. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी पळून जिंकल्या, ते ऐकलं असेल. पण त्या नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून पळाल्या. त्यांचं कौतुक मनापासून करू, अनवाणी पळायचं मात्र शिकू नका. पोरींना सांगायचं तर माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं सांगा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली ती.

आता जे बैठकीत कुणी बोलत नाही ते. पळताना, खोकताना लघवीचे थेंब जातात, असं पुष्कळ जणींचं होतं, बाळंतपणानंतर जास्त. हा रोग लपवण्यासारखा नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच बसल्या जागी पाच मोजेपर्यंत आवळायचे न् सोडायचे, दिवसातून तीन वेळा, दहा-दहा. काही आठवड्यांनी फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर पळू नका, डॉक्टरांना दाखवा, तोवर चाला. बाळंतपणाला तीन महिने झाले नसतील तर पळणं नकोच. पाळीत मात्र काही अडचण नाही, झेपेल तेवढं करा.

आणि रक्त. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्त कमी असल्याचं सरकारी पाहणीत निघालंय. दोन पायऱ्या चढून धाप लागत असेल तर तो आळस नव्हे. आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा, 12 च्या खाली असेल तर गोळ्या घ्या, मग पळा. छातीत दुखलं, चक्कर आली, की जागेवर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

राहिलं कर्ज. जुन्या सायकलीला ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर लागतील. गटाच्या अंतर्गत कर्जातून एवढी रक्कम सहज देता येते. ठरावात "सायकल दुरुस्ती" असं स्पष्ट लिहा. नवऱ्याच्या गाडीच्या हप्त्याला आपण कर्ज देतो, मग याला का नको?

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी ती ढकलत का होईना घेऊन या. पाना, पंप आणि तेलाची बाटली माझ्याकडं आहे. खाण्याचं तेल चेनला घालून आणू नका, धूळ चिकटते. बैठक नेहमीच्याच वेळी, शाळेच्या मैदानावर.