परक्या मैदानावर आठ हंगाम



आज बक्षिसं मिळवलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. मला इथं बोलावलंत ते फुटबॉलमुळे, म्हणून फुटबॉलचंच बोलतो. मेस्सी, रोनाल्डो तुम्हाला तोंडपाठ आहेत. मी रँटी मार्टिन्सबद्दल सांगणार आहे.

रँटी नायजेरियाचा. 2004 साली, अगदी तरुण वयात, तो गोव्याच्या धेंपो क्लबकडे आला. परदेशी खेळाडूचं जिणं अवघड असतं. गोल झाले तर करार वाढतो, नाहीतर घरचा रस्ता. मधल्या फळीतल्या खेळाडूचा एखादा वाईट दिवस झाकला जातो. स्ट्रायकरचा झाकला जात नाही, त्याचा हिशेब फलकावर सगळ्यांना दिसतो. अशा कामात हा माणूस एकाच क्लबात आठ हंगाम टिकला. त्या काळात आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोनं देशाची लीग पाच वेळा जिंकली. 2011-12 मध्ये तर 26 सामन्यांच्या लीगमध्ये एकट्या रँटीचे 32 गोल होते!

राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग 2007 साली सुरू झाली. पहिले पाच हंगाम सर्वाधिक गोलांचा मान गोव्यातल्या क्लबांकडून खेळणाऱ्या दोन नायजेरियनांकडेच होता. आधी तीन वर्षं चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, मग दोन वर्षं रँटी. आपल्या मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून घानाचा युसिफ याकुबू खेळायचा. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा तो क्लब 2010 साली बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

परदेशी स्ट्रायकरांनी आपल्या पोरांची जागा अडवली, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. गोल करायचं काम त्यांच्यावर सोपवून आपण निर्धास्त झालो, आणि हा दोष आपल्या क्लबांचा. पण धेंपोच्या त्या संघाकडे बघा. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लिफर्ड मिरांडा. पुढे गवळींनी भारताच्या युवा संघाला शिकवलं, नाईक धेंपोचेच प्रशिक्षक झाले आणि मिरांडांच्या हाताखाली ओडिशा एफसीनं 2023 चा सुपर कप जिंकला. सरावात रोज रँटीसारख्याशी गाठ पडली की खेळ सुधारतो आणि खेळाकडे बघणारा डोळाही तयार होतो, असं माझं ठाम मत आहे.

तरीही आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना आपल्याकडच्या मैदानांवर रंगावरून शिव्या ऐकाव्या लागल्या आहेत. ती लाज आपली आहे. तुमच्या गणेशपुरीला तर परक्या माणसाचं नवल नाही. नित्यानंद महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशोदेशीचे लोक येतात, गरम पाण्याच्या कुंडांवर तुमच्या शेजारी बसतात. त्यांना तुम्ही आपलं मानता. मग जवळच्यांनाही माना. भिवंडीतल्या यंत्रमागांवर, गोदामांत, आसपासच्या वीटभट्ट्यांवर दूरदूरची माणसं पोटासाठी आली आहेत, त्यांची मुलं तुमच्याच वयाची आहेत.

जूनमध्ये संघ निवडाल तेव्हा या मुलामुलींना हाक मारा. आणि मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे: ज्यांचं नाव शाळेच्या पटावर नाही, त्यांच्यासाठीही संध्याकाळी मैदान उघडं ठेवा.